श्रेय कोणाचे?

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असताना आमच्या वर्गातील एका मित्राने एक वाक्य उच्चारले आणि ते काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. हा मित्र गातो चांगला, गिटारही बरी वाजवतो. त्या दिवशी तो तालमीला आला तोच तोंडाला वास घेऊन. कोणीतरी हटकले तेव्हा म्हणाला, "अरे, मोठमोठे कलावंत असेच झाले! एरिक क्लॅप्टनचे आयुष्य बघ. दुःख आणि नशा, यांच्याशिवाय सूर आतून येत नाही." सगळे हसले. दोघा-तिघांनी माना डोलावल्या. क्लॅप्टनचे आयुष्य आमच्यापैकी कोणीच बघितलेले नव्हते. बहुधा त्यानेही नसावे.

म्हणून मी बघायचे ठरविले. क्लॅप्टनने २००७ साली आपले आत्मचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दीड महिना वाचत होते. गाणी वसतिगृहातील मैत्रिणीच्या मोबाइलवर ऐकली. रॉक संगीतातले शास्त्र मला कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. कोणता पडदा कोठे दाबला हे मला विचारू नये. पण माणूस काय करतो, कोणाबरोबर करतो आणि नंतर श्रेय कोणाला मिळते, हे कळण्यासाठी गिटार यावीच लागते असे नाही.

दुःख त्याच्या वाट्याला आले होते, यात शंकाच नाही. ३० मार्च १९४५ रोजी इंग्लंडमधील सरे परगण्यात रिपली या गावी त्याचा जन्म झाला. आई सोळा वर्षांची, अविवाहित. बाप युद्धाच्या निमित्ताने आलेला कॅनडाचा सैनिक. तो परत निघून गेला. मुलाला आजी-आजोबांनी वाढविले आणि तेच तुझे आई-बाप असे भासविले. खरी आई ही त्याची थोरली बहीण ठरली! नऊ वर्षांचा असताना ती परत आली. आता तुला आई म्हणू का, असे या मुलाने विचारले आणि तिने नकार दिला. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. आपल्याकडे अशा मुलाला गावाने काय काय ऐकविले असते, ते सांगायला नको.

पण पुढे काय झाले ते पाहा. हा मुलगा एकटाच खोलीत बसून दुःख आळवीत मोठा झाला नाही. अमेरिकेतील काळ्या ब्लूज गायकांच्या, रॉबर्ट जॉन्सनसारख्यांच्या तबकड्या ऐकून तो वाजवायला शिकला. १९६३ साली यार्डबर्ड्स, मग जॉन मेयॉलचे वाद्यवृंद, १९६६ साली जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांच्याबरोबर क्रीम. नुसती नावे वाचली तरी दिसते की, हा माणूस सतत कोणाच्या तरी शेजारी उभा राहून वाजवीत होता. क्रीम दोन-अडीच वर्षांत मोडले. ब्रूस आणि बेकर यांचे आपसात पटत नसे. (आमच्या नाट्यमंडळाचे आयुष्य पाहता दोन-अडीच वर्षे हा काळ बराच म्हणावा लागेल.) १९६८ च्या सप्टेंबरात जॉर्ज हॅरिसनने त्याला बीटल्सच्या 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' या गाण्यात वाजवायला बोलाविले. त्याने वाजविले आणि तबकडीवर स्वतःचे नावही आले नाही. मित्राचे काम म्हणून केले. हॅरिसनने 'हिअर कम्स द सन' हे गाणे रचले तेही १९६९ साली क्लॅप्टनच्या बागेत बसून.

आणि याच मित्राच्या पत्नीवर क्लॅप्टनचे मन बसले.

तिचे नाव पॅटी बॉइड. त्याच सुमारास एका मित्राने क्लॅप्टनला निजामीच्या काव्याची कथा वाचायला दिली. निजामी हा बाराव्या शतकातील फारसी कवी. म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतही ज्यांची नावे ठाऊक आहेत ते लैला आणि मजनू. क्लॅप्टनला मजनूच्या जागी आपण दिसलो. १९७० साली मायामी येथील स्टुडिओत 'लैला' हे गाणे ध्वनिमुद्रित झाले. प्रेमात वेडा झालेला, नशेत बुडालेला कलावंत आणि त्याच्या काळजातून फुटलेले गाणे, असेच त्याचे वर्णन सर्वत्र केले जाते. माझ्या मित्राच्या डोळ्यांपुढेही तेच चित्र असणार.

परंतु त्या खोलीत कोण कोण होते? ध्वनिमुद्रण नुकतेच सुरू झाले असताना निर्माते टॉम डाऊड यांनी क्लॅप्टनला ऑलमन ब्रदर्सच्या मैफलीला नेले. तेथे ड्वेन ऑलमन या तेवीस वर्षांच्या तरुणाची ओळख झाली. बोटात काचेची नळी घालून तारांवरून घसरविण्याची त्याची पद्धत अशी होती की, क्लॅप्टनने त्याला थेट स्टुडिओत ओढून नेले. 'लैला' ऐकताना जो उंच, रडवेला स्वर काळजात घुसतो, तो या ड्वेनचा. गाण्याच्या शेवटी पियानोचा जो लांब भाग येतो, तो ढोलवादक जिम गॉर्डनच्या नावावर आहे. आणि तो मुळात आपण दोघांनी मिळून रचला होता, माझे नाव मात्र गाळले गेले, असे गायिका रीटा कूलिज हिचे म्हणणे आहे. एवढी माणसे एका खोलीत राबली, तेव्हा ते गाणे झाले. त्या खोलीत मादक पदार्थही भरपूर होते, हे मी लपवीत नाही. तसे ते त्या काळात जेथे काहीच घडले नाही अशा शेकडो खोल्यांतही होते.

नशेचा खरा प्रताप पाहायचा तर पुढची तीन वर्षे पाहावीत. १९७१ साली ही मंडळी फुटली. दुसरी तबकडी पुरी झालीच नाही. ड्वेन ऑलमन त्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेला. क्लॅप्टन हेरॉइनच्या आहारी जाऊन सरेमधील आपल्या घरात कोंडून बसला. त्यावेळी त्याच्याजवळ दुःख होते, नशा होती, पैसा होता, वेळ तर हवा तेवढा होता. माझ्या मित्राच्या सिद्धान्ताप्रमाणे त्या तीन वर्षांत त्याच्या हातून केवढे संगीत व्हायला हवे होते! झाले जवळजवळ काहीच नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि हॅरिसन यांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला मैफल भरविली, तेव्हा क्लॅप्टन हेरॉइन न मिळाल्याने इतका आजारी होता की, तो मंचावर येतो की नाही याचीच चिंता होती. १९७३ च्या जानेवारीत पीट टाउनशेंडने पुढाकार घेऊन लंडनमध्ये मैफल ठरविली आणि त्याला अक्षरशः घराबाहेर काढले. मित्राने बाहेर काढले. नशेने आत बसविले होते.

येथे मला एक घरची गोष्ट सांगावी लागते. माझे थोरले मामा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवीत. जत्रांच्या हंगामात त्यांना घरी यायला सवड नसे, इतक्या सुपाऱ्या असत. आमच्या गावात अजूनही म्हातारी माणसे सांगतात की, मामांची थाप पडली की पाटलाच्या वाड्यापर्यंत कळायचे. आणि हेही सांगतात, की "पोटात गेल्याशिवाय गडी रंगात येत नव्हता." हे दुसरे वाक्य मी लहानपणापासून कौतुकाच्या सुरात ऐकत आले. ते माझ्या मामीने कधीही म्हटलेले नाही. मामीने सांगितले ते असे की, शेवटच्या चार वर्षांत मामांचा हात थरथरायचा, फडमालक दुसऱ्याच पोराला वाजवायला बसवायचा आणि मामा मंडपाच्या मागे बसून मांडीवर ताल धरायचे. ते पंचेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांनी पहाटे उठून किती वर्षे हात घासला, याची गावात कोणाला आठवण नाही. दारूची आहे.

पॅटी बॉइडही २००७ सालीच आपल्या आठवणी लिहून मोकळी झाली. ती दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. निजामीच्या कथेत लैला दुसऱ्याच्या घरी जाते आणि मजनू रानात भटकतो. येथे लैला खरोखरच घरी आली! १९७४ साली तिने हॅरिसनचे घर सोडले, १९७९ साली क्लॅप्टनशी लग्न केले. मग मजनूने काय केले? हेरॉइन सुटले होते, त्याची जागा दारूने घेतली. दारू आणि इतर स्त्रिया यांनी ते लग्न दहा वर्षांत संपविले. गाण्यातल्या लैलेवर जग फिदा आहे, आणि सकाळी त्या माणसाला उठविणाऱ्या लैलेला कोणी काही विचारले नाही. मला वाचताना एकसारखी मामी दिसत होती. हॅरिसन आणि क्लॅप्टन यांची मैत्री मात्र टिकली, १९९१ साली दोघांनी जपानचा दौराही केला. पुरुषांच्या या मोठेपणाचे फार कौतुक होते. मलाही ते खोटे वाटत नाही. फक्त त्या मोठेपणाची किंमत कोणी भरली, हेही कोठेतरी लिहिलेले असावे.

आता सर्वांत कठीण भाग. ५ ऑगस्ट १९७६ रोजी बर्मिंगहॅमच्या मैफलीत क्लॅप्टन प्यायलेल्या अवस्थेत मंचावरून बरळला. परदेशातून आलेल्या काळ्या आणि आशियाई लोकांना घालवून द्या, इनॉक पॉवेलला पाठिंबा द्या, अशा अर्थाचे तो बोलला, आणि तेही शिव्यांसकट. बर्मिंगहॅम म्हणजे ज्या शहरात आपल्याकडून गेलेली हजारो माणसे कारखान्यांत राबत होती ते शहर. आणि बोलणारा कोण? तर ज्याने आयुष्यभर काळ्या माणसांचे ब्लूज वाजविले तो. दोनच वर्षांपूर्वी जमैकाच्या बॉब मार्लेचे गाणे गाऊन जो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला तो! या प्रकाराने संतापलेल्या काही जणांनी संगीताच्या साप्ताहिकांना पत्र लिहिले आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली.

मित्राला मी हे सांगितले तेव्हा तो चटकन म्हणाला, "अगं, तो प्यायलेला होता ना!" हीच ती गंमत. चांगले वाजविले तर दारूमुळे, वाईट बोलला तरी दारूमुळे. मग माणूस म्हणून त्याच्याकडे काय उरले? माझ्या मते, ते वाजविणेही त्याचे होते आणि ते बोलणेही त्याचेच होते. त्या बोलण्याची आपल्याला लाज वाटते असे त्याने २०१८ साली सांगितले. फार उशिरा सांगितले, असे मला वाटते. पण ते सांगताना तो शुद्धीवर होता, एवढे खरे.

दारू सोडायला तो १९८२ साली प्रथम अमेरिकेतील उपचार केंद्रात गेला, पुन्हा घसरला, १९८७ साली पुन्हा गेला आणि त्यानंतर मात्र प्यायला नाही. २० मार्च १९९१ रोजी त्याचा चार वर्षांचा मुलगा कॉनर न्यूयॉर्कमधील एका इमारतीच्या त्रेपन्नाव्या मजल्याच्या खिडकीतून पडून मरण पावला. याहून मोठे दुःख कोणते? पिण्यासाठी याहून मोठे निमित्त तरी कोणते? तो प्यायला नाही. 'टिअर्स इन हेवन' हे गाणे त्याने विल जेनिंग्ज या गीतकाराच्या मदतीने लिहिले. १९९२ साली तो साध्या लाकडी गिटारवर खुर्चीत बसून ते गायला. ते मी ऐकले तेव्हा इंग्रजी शब्द अर्धेच कळले, पण खोलीतल्या आम्ही चौघी बराच वेळ बोललो नाही. त्याचे दारू सुटल्यानंतरचे संगीत गुळगुळीत झाले, असे म्हणणारे रसिक आहेत. असतील. त्यांच्या घरी कोणी थरथरत्या हाताने ताटातला घास उचललेला नसावा.

१९९८ साली त्याने अँटिग्वा बेटावर व्यसनमुक्तीचे केंद्र काढले आणि पुढच्याच वर्षी त्यासाठी आपल्या शंभर गिटारी लिलावात काढल्या. सुमारे पन्नास लाख डॉलर जमले. त्यांत 'लैला' जिच्यावर वाजविले ती 'ब्राउनी' नावाची गिटारही होती. ती सुमारे पाच लाख डॉलरला गेली.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी त्या मित्राला वाचायला दिला. त्याचे नाव घातले नाही म्हणून त्याला बरे वाटले असावे. क्लॅप्टनबद्दल तो काहीच बोलला नाही. बराच वेळ कागद हातात धरून बसला आणि मग विचारले, "मामांची ढोलकी आहे का गं अजून?"

आहे. मामीने ती माळ्यावर ठेवली आहे. एका बाजूचे पान फाटले आहे. दिवाळीच्या सुट्टीत घेऊन येईन म्हणाले.