प्रश्नांची शिदोरी

सहल ठरली की वर्गात पहिली चर्चा होते ती गाडीची, डब्यांची आणि खिडकीजवळच्या जागेची. या गोष्टी आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु काही संग्रहालयांत गतकाळ काचेच्या कपाटात न ठेवता घरादारांसह उभा केलेला असतो. तेथे जाताना प्रश्नांची शिदोरीही बरोबर न्यावी, असे माझे मत आहे.

अशा संग्रहालयांची कल्पना स्वीडन देशात रुजली. आगगाडी आणि कारखाने यांच्यामुळे खेड्यांतील जुनी राहणी झपाट्याने लोपत आहे, हे आर्टुर हासेलियस या गृहस्थांनी ओळखले. त्यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांतील घरे सुटी करून स्टॉकहोम येथे आणली व पुन्हा उभारली. १८९१ साली त्यांचे 'स्कान्सेन' हे संग्रहालय सुरू झाले. तेथे जुन्या काळचा पोशाख केलेली माणसे घरांत वावरतात व पूर्वीची कामे करून दाखवितात.

आपल्या देशातही याच धर्तीचे एक स्थळ आहे. चेन्नईच्या दक्षिणेस मुत्तुकाडू येथे १९९६ साली 'दक्षिणचित्र' हे संग्रहालय खुले झाले. दक्षिणेकडील राज्यांतील जुनी घरे तेथे पाहावयास मिळतात आणि कुंभारासारखे कारागीर काम करताना भेटतात.

समजा, आपल्या वर्गाने तेथे जाण्याचे ठरविले. सारी घरे धावत पाहिली, तर सायंकाळी एकही नीट आठवणार नाही. त्यापेक्षा तीनच घरे निवडावीत आणि प्रत्येकासाठी एक प्रश्न आधी लिहून न्यावा. आंध्रच्या किनाऱ्यावरील मातीचे घर गोल का? तेथील वादळी वारा गोल भिंतीला वळसा घालून जातो. केरळातील घराचे छप्पर इतके उतरते का? तेथे पाऊस मुसळधार पडतो. अशा प्रश्नांनी भूगोलाचा धडा भिंतींवर आणि छपरांवर वाचता येतो.

तिसऱ्या घराची तयारी आपल्या घरीच करता येईल. आजीला इरकली लुगड्याविषयी विचारा. ज्या गावावरून त्या लुगड्यास हे नाव पडले, त्या कर्नाटकातील इलकलच्या विणकराचे घर 'दक्षिणचित्र'मध्ये आहे. या लुगड्याच्या अंगाचे व पदराचे ताणे वेगवेगळे असतात आणि ते एकमेकांत गुंतवून जोडावे लागतात. हे ठाऊक असलेल्या मुलाला त्या घरात आपल्या आजीचा पदर आठवेल. ठाऊक नसलेल्याला केवळ एक जुने दगडी घर दिसेल.

आणखी एक प्रश्न मात्र प्रत्येक घरापाशी विचारावा : येथे काय दिसत नाही? संग्रहालयातील अंगण झाडलेले, चूल थंड आणि ओटा स्वच्छ असतो. पूर्वी त्या चुलीच्या धुराने कोणाचे डोळे चुरचुरत? पाणी कोण आणि किती दुरून आणी? कोणास उंबरठ्याच्या आत घेत आणि कोणास जातीमुळे बाहेरच उभे करीत? हे न विचारता परतलो, तर जुना काळ सर्वांनाच सुखाचा होता, असा खोटा समज घेऊन आपण घरी येऊ.

काहीजण म्हणतील की, इतके प्रश्न नेले तर सहलीची मौज जाईल. मला तसे वाटत नाही. फिरत्या चाकाजवळ बसलेल्या कुंभारास "काका, ही माती आधी किती मळावी लागते?" असे नम्रपणे विचारून पाहा. तो खेळ दाखविणारा नव्हे, आपले काम जाणणारा माणूस आहे. त्याला विचारल्याविना त्याचे छायाचित्र काढू नका. तो मनापासून सांगू लागला, म्हणजे वेळ कसा गेला ते कळणारही नाही.

डबे तर आपण भरणारच आहोत. त्यांबरोबर एक वही आणि चार प्रश्नही घेऊ या. डबे परतताना रिकामे होतील. वही तेवढी भरून येईल.