हातात पाना घ्या, पण प्रमाणपत्रासकट



दहावीचा निकाल लागला की वस्तीत दोन सल्ले हमखास ऐकू येतात. शाळेतले सर म्हणतात, "तुमच्या पोराला आयटीआयला टाका, लवकर कमवायला लागेल." आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, "आयटीआय कशाला? बाबासाहेबांनी काय पाने फिरवायला सांगितलं होतं?" मला दोन्ही सल्ले चुकीचे वाटतात. पहिल्यात आपल्या पोराची झेप आधीच ठरवून टाकलेली असते. दुसऱ्यात हाताने काम करणाऱ्याबद्दलची तुच्छता असते, आणि ती तर मनुस्मृतीची शिकवण आहे. ती आपण १९२७ साली महाडला जाळली ना?

बाबासाहेबांचा इतिहास नीट पाहा. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगारांना विटाळ चालत नसे. जास्त पगार मात्र त्याच खात्यात होता. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबर तांत्रिक प्रशिक्षणाचीही मागणी होती. यंत्रावरचे काम त्यांना हलके वाटत नव्हते. कुशल कामाचे दार आपल्याला बंद का, हा त्यांचा सवाल होता.

तो सवाल आजही गॅरेजात उभा आहे. मोटार दुरुस्ती हा कोणत्याही जातीला वाटून दिलेला धंदा नाही. २०२३ ची विश्वकर्मा योजना अठरा पारंपरिक, पिढीजात कामांभोवती फिरते. मेकॅनिकचे काम त्या यादीत बसत नाही, आणि म्हणूनच ते आपल्या कामाचे आहे. पण आपला पोरगा गॅरेजात शिरतो कसा? शाळा सुटलेली, कोणीतरी ओळखीने लावलेला. तो पार्ट धुतो, चहा आणतो, मिस्त्रीला पाना देतो. दहा वर्षांनीही हेल्परच. गाडी खोलता येते, पण ती का बिघडली हे सांगता येत नाही.

एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या. इंजिन आता सेन्सर आणि कंट्रोल युनिटवर चालते. स्कॅनर लावला की फॉल्ट कोड दिसतो, पण तो कोड एवढेच सांगतो की अमुक सर्किटमध्ये गडबड आहे. सेन्सर खराब आहे की वायर तुटली आहे, हे शोधायला वायरिंगचा नकाशा वाचावा लागतो, मल्टिमीटर लावावा लागतो. ज्याला हे येत नाही तो अंदाजाने महागडा पार्ट बदलतो आणि गिऱ्हाईक गमावतो. नुसते बघून शिकण्याचे दिवस गेले. इलेक्ट्रिक गाडीत तर हाय व्होल्टेज बॅटरीपुढे चूक जिवावर बेतते.

म्हणून दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा आयटीआय ट्रेड हवा. पण तिथे तरी नीट शिकवतात का? मी एका आयटीआयमध्ये गेलो होतो. निदेशकाची जागा रिकामी. प्रात्यक्षिकाला कार्बोरेटरच्या काळातले इंजिन. स्कॅनर होता, पण कपाटात कुलूपबंद. "पोरं खराब करतात," असे उत्तर मिळाले. पोरांना शिकायचे साधनच पोरांपासून लपवलेले! वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी आपण मोर्चे काढतो. आयटीआयच्या वर्कशॉपसाठी कधी काढला?

कायदाही वाचा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ च्या कलम ३-अ प्रमाणे आस्थापनांना अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ जागा राखाव्या लागतात. खासगी कारखान्यांत नोकरीचे आरक्षण नाही म्हणून आपण ओरडतो, ते बरोबरच आहे. पण कायद्यात असलेल्या या जागा किती भरल्या, हे विचारायला आपल्यापैकी कोण गेले? एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा असोत की तुमच्या तालुक्याचा डेपो, यादी मागा.

आणि आयटीआय हे शेवटचे स्टेशन मानू नका. दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे. ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलची पदविका असेल तर एमपीएससीतून सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा देता येते. ज्या एमपीएससीसाठी आपली हजारो पोरे आर्ट्सची पदवी घेऊन खोल्यांत वर्षे घालवतात, तिची एक वाट वर्कशॉपमधूनही जाते. पोरींनीही ती धरावी.

प्रत्येक वस्तीतल्या शाखेने यंदा एवढेच करावे: आपली किती पोरे प्रमाणपत्राशिवाय गॅरेजात राबतात, ते मोजावे. त्यांना दहावीचा फॉर्म भरून द्यावा, आयटीआयच्या प्रवेशाच्या तारखा सांगाव्यात. आणि जवळच्या आयटीआयमध्ये जाऊन आधी ते कपाट उघडायला लावावे.

जय भीम!