हातची भेट आणि साखरेचें उटणें

भेट म्हणजे दुकानांतून आणलेली वस्तु, ही समजूत आतां शहरांपुरती राहिली नाहीं. सास्तूर, माकणी, लोहारा या बाजूच्या गांवांतहि नाताळ, दिवाळी, वाढदिवस किंवा शिक्षकदिन जवळ आला म्हणजे मुलें आईबापांपाशीं पैशाचा हट्ट धरितात, आणि चकचकीत कागदांत गुंडाळलेला प्लास्टिकचा पेला नाहीं तर पेनांची जोडी घेऊन येतात. वर्गांत चिठ्ठ्या टाकून एकमेकांस भेटी देण्याची जी टूम निघाली आहे, तिच्या दिवशींचा हजेरीपट कोणीं उघडून पाहावा. एरवीं कधीं न चुकणारीं तीनचार मुलें त्या दिवशीं गैरहजर असतात, आणि दुसऱ्या दिवशीं पोट दुखत होतें असें सांगतात. त्या पोटदुखीचें कारण प्रत्येक शिक्षकास ठाऊक असतें. पन्नास रुपये नाहींत म्हणून ज्या दिवशीं मुलास तोंड लपवावें लागतें, तो दिवस शाळेनें साजरा करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. भेटी द्यावयाच्याच असतील तर त्या मुलांनीं शाळेंतच, आपल्या हातांनीं, सर्वांनीं सारख्याच जिनसा घेऊन कराव्या.

कोणती वस्तु करावी, हा प्रश्न मग साहजिकच येतो. कागदाचीं फुलें आहेत, भरतकामाचे रुमाल आहेत. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु कागदाचें फूल चार दिवस भिंतीवर राहून केरांत जातें, आणि भरतकामावर हात बसण्यास वर्ष लागतें. आम्ही येथें एका साध्या जिनसेची शिफारस करितों, ती म्हणजे साखर व तेल यांचें उटणें. शहरांतील दुकानांत हीच वस्तु ‘शुगर स्क्रब’ या नांवानें सुबक बरणींतून विकली जाते. तिची किंमत ऐकून आमच्या गांवच्या बायकांस हंसूं येईल, कारण त्या बरणींतील दोन्ही मुख्य पदार्थ त्यांच्या स्वयंपाकघरांतील फळीवरच असतात.

अंग चोळून मळ काढण्याची कल्पना मराठी माणसास कोणीं शिकवावयास नको. नरकचतुर्दशीच्या पहाटें तेल लावून, उटणें चोळून, कढत पाण्यानें स्नान करावयाचें, ही चाल महाराष्ट्रांत घरोघर आहे. मसुरीचें किंवा हरभऱ्याचें पीठ, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, वाळवलेली संत्र्याची साल, गुलाबपाकळ्या, ऐपत असेल तर चंदन, अशी त्याची सामग्री. पूर्वीं हें सारें घरीं कुटून वस्त्रगाळ करीत. आतां दिवाळीच्या आठवड्यांत त्याची तयार पुडी मिळते, आणि ती बहुधा पुढच्या दिवाळीपर्यंत कोनाड्यांत पडून राहते. साखरेचें उटणें हें याच घराण्यांतील धाकटें भावंड समजावें. त्यास कुटणें नाहीं, चाळणें नाहीं, विस्तव नाहीं. म्हणून पांचवीसहावीच्या मुलांच्या हातीं तें काम निर्धास्तपणें देतां येतें.

कृति म्हणजे दोन वाट्या साखरेस एक वाटी तेल, इतकीच. पण हें प्रमाण कां, हें मुलांस समजलें नाहीं तर सारा खटाटोप नुसत्या ढवळाढवळीपलीकडे जाणार नाहीं. साखरेचा कण टणक व कडांचा असतो, म्हणून तो कातडीवरील मेलेला थर काढतो. परंतु पाण्याचा स्पर्श होतांच तो विरघळूं लागतो, म्हणून वज्रीसारखे ओरखडे सहसा काढीत नाहीं. तेलांत साखर विरघळत नाहीं. तें कणाभोंवतीं बसतें, आणि कण विरून गेल्यावर कातडीवर मागें राहून तिच्यांतील ओलावा लवकर उडूं देत नाहीं. तेल कमी पडलें तर उटणें अंगास न लागतां खालीं सांडतें; जास्त झालें तर साखर तळाशीं बसते व वर तेल तरंगतें. फळ्यावर ‘विद्राव्य’ आणि ‘अविद्राव्य’ हे शब्द लिहून जें डोक्यांत शिरत नाहीं, तें या एका वाटींत दिसतें. बाजारांत साखर ‘एस ३०’ व ‘एम ३०’ अशा दर्जांनीं मिळते. पैकीं एस ही बारीक कणांची, तीच घ्यावी. पिठीसाखर घासत नाहीं, आणि कुटलेल्या खडीसाखरेच्या कडा फार तीक्ष्ण असतात.

तेलाविषयीं थोडें अधिक लिहिलें पाहिजे. शहरी कृतींत खोबरेल सांगतात. तें सुवासिक खरें, पण सुमारें २४ अंश सेल्सिअसच्या खालीं तें थिजूं लागतें, आणि डिसेंबरच्या पहाटें आमच्याकडे पारा त्याच्या पुष्कळ खालीं असतो. मग बरणींत साखरेचा दगड तयार होतो व भेट घेणारीस तो चमच्यानें फोडावा लागतो. करडई हें आमच्या काळ्या रानांतील पीक. तिचें तेल थंडींतहि पातळ राहतें. मात्र तें हवा लागून लवकर खवट होतें. तिळाचें तेल त्या मानानें टिकतें. म्हणून शाळेनें अर्धें करडईचें व अर्धें तिळाचें घ्यावें, आणि महिन्याभरांत संपेल इतकेंच उटणें करवावें. लिंबाचा रस, दूध, ताज्या पाकळ्या घालण्याचा मोह मुलांस फार होतो. त्यानें बरणींत पाणी शिरतें, साखर विरघळते आणि बुरशी येते. वास हवाच असेल तर कडक वाळलेल्या गुलाबपाकळ्या चुरून घालाव्या, किंवा चिमूटभर आंबेहळद. वाटी, चमचा, डबी हीं सारीं उन्हांत ठणठणीत वाळवलेलीं असावीं.

आतां ही भेट कोणास द्यावी? येथें आमचें शहरी कृतिलेखकांशीं पटत नाहीं. ते तिला सौंदर्याचें साधन म्हणतात, आणि त्यांपैकीं कांहीं तर ती चेहऱ्यास लावावयास सांगतात. चेहऱ्याची कातडी नाजूक; तेथें साखरेचे कण लागतात, तेथें पिठाचें उटणेंच बरें. आमच्या मनांत आहेत त्या या मुलांच्या आयांच्या टाचा. नाताळाचे दिवस म्हणजे रानांत ज्वारी व हरभरा उभा असण्याचे आणि तूर काढण्याचे दिवस. ओल उडून तडकलेल्या काळ्या जमिनींत दिवसभर चालणाऱ्या बाईच्या टाचा त्या जमिनीसारख्याच तडकतात. चिठ्ठ्या टाकावयाच्याच असतील तर टाकाव्या. पण भेट सोबत्यास न देतां सोबत्याच्या आईस द्यावी, आणि आई नसेल तेथें आजी, मावशी, जी कोणी त्यास वाढवीत असेल तिला. डबी भरण्यापूर्वीं प्रत्येक मुलानें घरीं जाऊन आपल्या आईच्या टाचा एकदां नीट पाहून याव्या, एवढाच गृहपाठ आम्ही देऊं.

वापरण्याची रीत अशी, कीं रात्रीं पाय धुवावे, ते दमट असतांनाच चमचाभर उटणें हळुवार चोळावें, कोमट पाण्यानें धुऊन पुसावें व वर तेलाचा हात फिरवावा. आठवड्यांतून एकदोनदां पुरे. भेगांतून रक्त येत असेल, पायास जखम असेल किंवा मधुमेहानें पाय बधिर झाले असतील, तर मात्र हें लावूं नये. डॉक्टरास पाय दाखवावा. न्हाणींतील फरशी तेलानें निसरडी होते, हें म्हाताऱ्या माणसांस आवर्जून सांगावें.

एक आक्षेप आम्ही हलका मानीत नाहीं. खाण्याची साखर पायांस चोळावयाची काय? ज्या घरांत पाहुणा आला तरच चहा गोड होतो, तेथें हा प्रश्न निघणारच, आणि तो निघावा. शिवाय साखर म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे पाणी. एक किलो साखरेमागें सुमारें दोन हजार लिटर पाणी लागतें, असा अंदाज सांगतात. निम्न तेरणेचें धरण जवळच माकणीस आहे. तरी दुष्काळ आमच्या पांचवीस पुजलेला. एप्रिल २०१६ मध्यें शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें; पहिल्या खेपेस दहा वाघिणी, पांच लाख लिटर. तेव्हां हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. एका डबीस १०० ग्रॅम साखर धरिली तर चाळीस मुलांस चार किलो लागेल, म्हणजे आठ हजार लिटर पाणी. हा आंकडा फळ्यावर मांडल्यावर कोणी म्हणेल, मग हा नाद सोडूनच द्यावा. आम्ही म्हणतों, साखर निम्मी करावी. ५० ग्रॅम साखर आणि तितकेंच ज्वारीचें भरड पीठ घ्यावें; पीठ तेल पितें, म्हणून तेल किंचित् वाढवावें. उटणें थोडें कमी खरखरीत होईल, पण आमच्या प्रांतास तें अधिक शोभेल. कारखान्यांत होणाऱ्या अशा कित्येक प्रसाधनांत प्लास्टिकचे बारीक मणी घालीत असत. ते सांडपाण्याबरोबर नद्यांत व समुद्रांत गेले, आणि अमेरिकेस २०१५ सालीं कायदा करून त्यांवर बंदी घालावी लागली. ब्रिटननेंहि २०१८ सालीं त्यांचें उत्पादन बंद केलें. आमच्या न्हाणीचें पाणी परसांतील केळीस जातें. चमचाभर साखर व पीठ त्यांतून गेलें तर केळीचें कांहीं बिघडत नाहीं.

आणखी एक गोष्ट सास्तुराविषयीं लिहितांना टाळतां येत नाहीं. गणपतिविसर्जनाची रात्र संपतां संपतां, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें झालेल्या भूकंपांत लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आतांचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. सर्वांत अधिक हानि सोसलेल्या गांवांत सास्तूर होतें. मग देशांतून व परदेशांतून मदत आली. धान्य आलें, कांबळीं आलीं, औषधें आलीं, पुढें घरें उभीं राहिलीं. त्या उपकारांची जाणीव या भागांत कोणी विसरलेलें नाहीं. परंतु वर्षानुवर्षें रांगेंत उभें राहून घेत राहण्यानें माणूस मनांतून वांकतो, हेंहि त्या रांगांत उभ्या राहिलेल्यांस ठाऊक आहे. हा वांक काढण्याचें मोठें काम याच भागांतील बायकांनीं केलें. २००१ च्या जानेवारींत कच्छांत भूकंप झाला तेव्हां स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या बरोबर लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील बायका गुजराथेंत गेल्या, आणि पडलेल्या घरांतून आपण पुन्हां कशा उभ्या राहिलों तें तेथील बायकांस सांगून आल्या. पैसा त्यांच्यापाशीं नव्हता. सोसलेलें तेवढें होतें, तेंच त्यांनीं दिलें.

आज आमच्या वर्गांत बसणारीं मुलें त्या बायकांचीं नातवंडें शोभतील अशा वयाचीं आहेत. आठवीपर्यंत त्यांस पुस्तकें फुकट मिळतात, दुपारचें जेवण मिळतें, आणि तें मिळावेंच. पण वर्षाकाठीं एकदां तरी देणाऱ्याचा हात या मुलांचा असावा, आणि तो सर्व मुलांचा सारखाच असावा, यासाठीं आमचा हा आग्रह. डबी लहान आहे, हें आम्ही जाणतों.

अभ्यास बुडतो अशी ओरड होईल, तिला फार उत्तर देण्याचें कारण नाहीं. १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसाय शिक्षणाच्या मध्यभागीं बसविला, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तर घरीं ठेवून कारागिरांपाशीं शिकावें असें सुचविलें आहे. आम्ही त्यांतील एक दुपार मागतों. मुलग्यांस मात्र यांतून वगळूं नये. तेल मोजावयास मिशा आड येत नाहींत.

राहिली डबी. काचेची बरणी दिसते सुंदर, पण तेलकट हातांतून निसटून न्हाणींत फुटली तर अनवाणी पायांचे हाल होतात. लोणच्याची रुंद तोंडाची जुनी बरणी किंवा स्टीलची लहान डबी कोणत्याहि घरीं पडून असते. तीच घांसून, वास जाईपर्यंत उन्हांत ठेवून आणावी. नवी विकत आणण्यास सक्त मनाई असावी, नाहीं तर ते पन्नास रुपये पुन्हां वर्गांत येऊन बसतील. तोंडास जुन्या लुगड्याच्या काठाची पट्टी बांधावी, आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरांत लिहावें, कीं आंत काय आहे, कोणत्या दिवशीं केलें, कोरड्या चमच्यानें घ्यावें, महिन्याच्या आंत संपवावें. डबीच्या बुडाशीं मुलाचें नांव ठळक घालावें. आमच्याकडे शेजारणीचें भांडें रिकामें परत करीत नाहींत, निदान चिमूटभर साखर तरी त्यांत घालतात. तेव्हां ती कोणाकडे परत जावयाची, हें घेणारीस कळलें पाहिजे.