धोक्याची घंटा खोटी असते तेव्हा

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक गायगर गणित्र आहे. जवळ कोणताही किरणोत्सारी पदार्थ नसला तरी ते मधूनमधून टकटक करतेच. विश्वकिरण आणि जमिनीतला, भिंतींतला किरणोत्सार त्याला पुरतो. नवे विद्यार्थी ती टकटक ऐकून एक तर दोन पावले मागे सरतात, नाही तर 'सर, यंत्र बिघडलंय' म्हणतात. दोघेही चुकतात.

संगणकावर पहारा करणाऱ्या विषाणूरोधक आज्ञावलीशी आपण असेच वागतो. गेल्या वर्षी बारावीच्या एका मुलाने लंबकाच्या आवर्तकालाचे गणित करणारी छोटी आज्ञावली पायथन भाषेत लिहिली, ती थेट चालेल अशा एका फाइलीत बांधली आणि मित्रांना दिली. मित्रांच्या संगणकांवर लाल पाटी झळकली : ही फाइल घातक आहे! झाले, वर्गात त्याचे नाव 'व्हायरसवाला' पडले. मी ती आज्ञावली ओळ न् ओळ वाचली होती. तीत गैर काहीच नव्हते.

मग पाटी का आली? पहारेकऱ्याजवळ ओळखीच्या घातक फाइलींचे ठसे असतात. ठसा जुळला नाही तर तो फाइलीची वागणूक पाहतो, आणि ती पूर्वी किती जणांनी वापरली आहे हेही पाहतो. आमच्या मुलाची फाइल काल जन्मलेली, तिला ओळखणार कोण? शिवाय बांधणीचे साधन पायथनचा सारा सरंजाम एका पेटीत भरते आणि फाइल सुरू होताच ती पेटी तात्पुरत्या जागी उलगडते. हेच साधन दुष्ट हेतूचे लोकही वापरतात. चोराच्या अंगावर घोंगडी होती म्हणून पावसातल्या प्रत्येक घोंगडीवाल्याला हटकावे, तसे झाले.

मोठमोठ्यांचेही असे चुकते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या ठशांच्या नव्या यादीने विंडोज एक्सपीमधल्या एका अत्यावश्यक फाइलीलाच विषाणू ठरवले, आणि ठिकठिकाणचे संगणक पुन्हापुन्हा बंद-चालू होत राहिले.

थोडे गणित करू. समजा, १०,००० फाइलींत १० घातक आहेत. पहारेकरी त्या दहाही पकडतो, पण निर्दोष फाइलींपैकी शंभरात एकीवर चुकून संशय घेतो. म्हणजे घंटा वाजल्या सुमारे ११०. त्यांतल्या खऱ्या १०. पहारेकरी इतका हुशार असूनही!

मग पहाराच बंद करावा काय? मी तेच केले, हे कबूल करतो. त्या मुलाची फाइल चालावी म्हणून प्रयोगशाळेतल्या संगणकावरचा पहारा बंद केला आणि पुन्हा सुरू करायला विसरलो. पंधरा दिवसांत कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून खराखुरा विषाणू आला आणि एका तुकडीची सत्रभराची वाचने गेली. तेव्हापासून 'आधी विषाणूरोधक बंद करा' अशी सूचना देणाऱ्या आज्ञावलीकडे मी संशयानेच पाहतो.

माझे मत असे, की पाटी हे एक वाचन आहे, ते पडताळावे. फाइल मूळ निर्मात्याकडूनच घ्यावी. त्याने एसएचए-२५६ हा ठसा दिला असेल तर आपल्या फाइलीचा ठसा काढून ताडून पाहावा. तो ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलीतला एक बिट बदलला तरी सगळा पालटतो. व्हायरसटोटलवर अनेक पहारेकऱ्यांचे मत एकदम मिळते. एकदोघांनीच मोघम संशय घेतला असेल तर बहुधा घंटा खोटी. पुष्कळांनी घेतला तर तिथेच थांबावे. (तिथे खासगी कागदपत्रे मात्र चढवू नयेत, ती इतरांच्या हाती जाऊ शकतात.)

हेही पुरेसे नसते. २०१७ साली सीक्लीनर या आज्ञावलीची निर्मात्याच्याच संकेतस्थळावरची, निर्मात्याच्याच सहीची प्रत दूषित निघाली. वीस लाखांहून अधिक संगणकांवर ती पोचली होती. ठसा जुळला म्हणजे फाइल वाटेत बदललेली नाही इतकेच कळते. घरातच शिरकाव झाला असेल तर ठसा काय करणार?

आमच्या मुलाची फाइल आम्ही त्या पहारेकऱ्याच्या कंपनीकडे 'चुकीचा इशारा' म्हणून तपासणीस पाठवली. काही दिवसांनी पाटी यायची थांबली. वर्गातले ते नाव मात्र अजून गेलेले नाही.