आमंत्रित आचार्य आणि ओसाड आश्रम

अमेरिकेंतील विद्यापीठांच्या संशोधन-अनुदानांवर सन २०२५ मध्यें तेथील सरकारची कुऱ्हाड कोसळूं लागली, तेव्हां इतर श्रीमंत राष्ट्रांनीं आपापल्या दारांत रांगोळ्या घालावयास विलंब लावला नाहीं. युरोपीय संघानें त्याच वर्षीं मे महिन्यांत ५० कोटी युरोंची योजना जाहीर केली. कॅनडानें नोव्हेंबरांतील अंदाजपत्रकांत परदेशांतून सहस्राधिक संशोधक आणण्यासाठीं १७० कोटी डॉलरांपर्यंत तरतूद सांगितली. हें पाहून आपल्याकडील विद्वत्सभांतूनही अशी हांक ऐकूं येते कीं, आपणही जगांतील अग्रगण्य शास्त्रज्ञांना पाचारण करावें, त्यांच्यासाठीं संशोधन-पीठें स्थापावीं, म्हणजे आपलीं विद्यापीठें जगाच्या पंक्तीला जाऊन बसतील. ही हांक देणाऱ्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु पाहुण्यास निमंत्रण धाडण्यापूर्वीं घरांत पाट-पाणी आहे कीं नाहीं, हें पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. ती ह्या प्रकरणीं कोणी पाळीत असल्याचें दिसत नाहीं.

प्रारंभींच सांगितलें पाहिजे कीं, परकी विद्वान् नकोतच असें म्हणणाऱ्यांच्या पक्षाचे आम्ही नव्हे. त्या वृत्तीनें केवढें नुकसान होतें ह्याचा दाखला आपल्याच देशांत आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञान-संस्थेचे पहिले हिंदी संचालक झाले. त्याच वर्षीं हिटलरच्या राजवटीनें गटिंगेन विद्यापीठांतील मॅक्स बॉर्न ह्यांना, ते ज्यू म्हणून, पदावरून दूर केलें. पुंजयामिकीच्या शिल्पकारांपैकीं ते एक होते. रामन स्वतः पूर्वीं कलकत्त्यास ज्या पालित पीठावर होते, तें दात्याच्या अटीनें केवळ हिंदी माणसासाठीं राखलेलें होतें. इंग्रजांनीं बड्या जागा अडवून धरल्या होत्या त्या काळांत ती अट योग्यच होती. पण त्याच पीठावर बसलेल्या रामन ह्यांना पुढें एका निर्वासित जर्मनाची योग्यता ओळखतां आली, ह्यांत त्यांचें मोठेपण आहे.

बॉर्न १९३५ च्या अखेरीस बंगळूरला येऊन सुमारें सहा महिने राहिले. त्यांना कायमचें पीठ द्यावें असा प्रस्ताव रामन ह्यांनीं अध्यापक-सभेपुढें मांडला. तेव्हां एक इंग्रज प्राध्यापक उठले आणि, स्वदेशांतून हाकलला गेलेला हा दुय्यम प्रतीचा परकी मनुष्य आपल्या संस्थेस शोभणारा नाहीं, अशा आशयाचें भाषण त्यांनीं बॉर्न ह्यांच्या समक्ष केलें. ही हकीकत बॉर्न ह्यांनींच आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. बोलणारे गृहस्थ स्वतः ह्या देशांत परकीच होते, हें त्यांच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं! रामन आणि संस्थेचे चालक ह्यांच्यांतही वितुष्ट होतें. प्रस्ताव बारगळला, आणि १९३७ मध्यें रामन ह्यांनाही संचालकपद सोडावें लागलें.

बॉर्न १९३६ मध्यें एडिंबरोच्या पीठावर गेले व १९५३ पर्यंत तेथें राहिले. पुढच्याच वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पण आमच्या मतें बंगळूरची खरी हानि ती नव्हे. एडिंबरोस त्यांच्या हाताखालीं जे तरुण तयार झाले, त्यांत पेंग ह्वान्-वू व चेंग काय्-जिया हे चिनी विद्यार्थी होते. स्वदेशीं परतून त्यांनीं चीनच्या अणुसंशोधनाचा पाया घातला. स्फटिकांच्या जालकांविषयींचा बॉर्न ह्यांचा प्रसिद्ध ग्रंथ ज्यांच्या सहकार्यानें १९५४ मध्यें निघाला, ते ह्वांग कुन चीनमध्यें अर्धवाहकांच्या अभ्यासाचे प्रवर्तक ठरले. शस्त्रांचा गौरव करण्याची आमची इच्छा नाहीं. दाखवावयाचें तें इतकेंच कीं, मोठ्या आचार्याचें मोल त्याच्या नांवांत नसून, सतरा वर्षें त्याच्याभोंवतीं बसून जे शिकतात त्यांच्यांत असतें. बंगळूरनें एक मनुष्य गमावला नाहीं. एक पिढी गमावली.

आतां आजच्या योजनांकडे वळूं. २०१७ सालीं आपल्या सरकारनें परदेशांतील शास्त्रज्ञांसाठीं ‘वज्र’ योजना काढली; पाहुण्यानें वर्षांतून किमान एक व कमाल तीन महिने येथें राहावें, अशी तिची घडण. परदेशस्थ हिंदी शास्त्रज्ञांसाठीं २०२३ सालीं ‘वैभव’ आली. तींत मुक्काम वर्षाकांठीं एक-दोन महिन्यांचा. नांवें भारदस्त आहेत, पण एवढ्या अवधींत शिष्याची ओळख तरी होते काय? कॅनडानें २००८ सालीं अशाच हेतूनें जी पीठें स्थापिलीं, त्यांत प्रत्येक पीठामागें सात वर्षांसाठीं एक कोटी डॉलरपर्यंत रक्कम होती, आणि ती केवळ पाहुण्याच्या पगारासाठीं नव्हे, तर त्याचे साहाय्यक, विद्यार्थी व प्रयोगशाळा उभी करण्यासाठींही होती. ती योजनाही निर्दोष नव्हती: २०१० मध्यें निवडलेल्या पहिल्या १९ जणांत एकही स्त्री नव्हती, आणि त्याबद्दल तिच्यावर योग्य तीच टीका झाली. तथापि सात वर्षांच्या खालीं रोप धरत नाहीं, एवढें तरी तिच्या कर्त्यांना कळत होतें.

आम्हीं स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतों. एका विद्यापीठांत परदेशांतील एक थोर रसायनशास्त्रज्ञ महिन्याभरासाठीं आले. स्वागतसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालें, वृत्तपत्रांत छायाचित्रें झळकलीं. त्यांनीं ज्या उपकरणावर काम करावयाचें, तें बंदरावर जकातीच्या कागदांत अडकलें होतें. तें विभागांत पोंचलें तेव्हां पाहुणे मायदेशीं पोंचून पंधरा दिवस झाले होते. त्यांच्या हाताखालीं जे दोन तरुण नेमले होते, ते तासिका तत्त्वावरचे अध्यापक. दुपारीं दुसऱ्या महाविद्यालयांत तास घेतल्यावांचून त्यांच्या घरची चूल पेटत नसे. सहा दिवसांनीं पाहुण्यांनीं आम्हांस विचारलें, “तुमच्याकडील कायम अध्यापक कोठें आहेत?” त्या विभागांतील निम्म्याहून अधिक जागा कित्येक वर्षें रिकाम्या होत्या. आम्हीं काय उत्तर द्यावें? आम्हीं चहा मागविला.

कोणी म्हणेल, अल्पकाळच्या पाहुण्यांनींही फळ येतें, आणि त्याला मुंबईचाच दाखला आहे. आम्हांस तो दाखला मान्य आहे. किंबहुना आमच्या म्हणण्याचा तोच आधार. टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होमी भाभा ह्यांनीं १९४९ मध्यें के. चंद्रशेखरन् ह्यांना प्रिन्स्टनहून बोलाविलें, आणि त्यांनीं गणिताची शाळा उभारली. तेथें सीगेल, श्वार्त्स ह्यांसारखे धुरंधर गणिती येत, कांहीं आठवडे व्याख्यानें देत व परत जात. पण त्या व्याख्यानांचीं टिपणें घेऊन तीं ग्रंथरूपानें सिद्ध करण्याचें काम संस्थेंतील तरुणांवर असे. टिपण लिहावयाचें म्हणजे प्रत्येक पायरी स्वतः चढून पाहावी लागे. त्या शाळेंतून नरसिंहन् व शेषाद्रि निघाले, आणि १९६५ मध्यें प्रसिद्ध झालेला त्या दोघांचा सिद्धान्त आज जगभर त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. पाहुणे तेच, मुक्काम तितकाच. फरक इतकाच कीं, तेथें घर भरलेलें होतें. उपजीविकेची विवंचना नसलेले आणि निवडून घेतलेले तरुण आधीं होते, पाहुणा मागाहून आला. आज आपण क्रम उलटा लाविला आहे.

म्हणून आमचें मागणें साधें आहे. ज्या विभागांतील कायम जागा भरलेल्या नाहींत, त्यास परदेशी आचार्याचें पीठ देऊं नये. आधीं त्या जागा भराव्या. ज्यास बोलवावयाचें, त्यास पांच-सात वर्षांसाठीं बोलवावें, आणि त्याच्या वेतनाइतकीच रक्कम त्याच्या विद्यार्थ्यांच्या वृत्तींसाठीं बाजूस काढावी. उपकरणाच्या खरेदीसाठीं त्यास कारकुनाच्या मेजापुढें तिष्ठत ठेवूं नये. आणि तो आल्यावर, त्याचा वर्ण वा पारपत्र न पाहतां, अध्यापक-सभेंत आपल्याइतकाच त्याचा अधिकार मानावा.

ह्या गोष्टींस निधीपेक्षां धीर अधिक लागतो. आणि त्यांचें छायाचित्र निघत नाहीं, म्हणूनच त्या मागें पडतात. परंतु रिकाम्या आश्रमांत वसिष्ठ आणून बसविला तरी तो उपदेश कोणास करणार? तासिका संपवून धांवत दुसऱ्या महाविद्यालयाची गाडी गांठणारा तो तरुणच आमच्या विद्यापीठांचा उद्यांचा आचार्य आहे. त्यास आज बसावयास जागा नाहीं. ती जागा आधीं द्या. मग जगांतील कोणाही पंडितास खुशाल बोलवा, त्याच्या स्वागतास आम्हीही येऊं.