जुन्या थारचा उजेड

घणसोली गावाच्या चिंचोळ्या गल्लीतून ठाणे-बेलापूर रस्त्याला लागणाऱ्या 2010 च्या पिढीतल्या थारला एलईडी लावायचा असेल, तर आधी ठरवा: बल्ब बदलायचा की अख्खा दिवा? तिचा गोल, सात इंची दिवा एच-4 हॅलोजनसाठी घडवलेला आहे. त्या बल्बात 60 आणि 55 वॅटच्या दोन तारा असतात आणि डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी. तीच वर उसळणारा झोत अडवते. स्वस्त एलईडी बल्ब त्याच खाचेत बसतो खरा, पण त्याच्या चिप तारेच्या जागी नेमक्या आल्या नाहीत तर उजेड विखुरतो, समोरचा दुचाकीस्वार आंधळा होतो. असं दुसऱ्याचे डोळे दिपवणं मला अजिबात पटत नाही. माळशेजच्या धुक्यात तर हाच विखुरलेला उजेड परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. प्रोजेक्टर असलेला, डिपरची रेघ स्वच्छ कापणारा पूर्ण सात इंची एलईडी दिवा महाग पडतो, तरी घ्यायचाच तर तोच घ्यावा. पण त्याआधी जुनी वायरिंग तपासा. बल्बपर्यंत पोचणारा विजेचा दाब दहा टक्के घटला की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. रिले आणि जाड तार घातल्यावर जुना दिवाच पुन्हा पुरेसा वाटू शकतो. काहीही बसवलं, तरी गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून डिपरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा किंचित खाली आणून घ्या.