सुरी लागली की पसरतो?

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो." हे वाक्य आमच्या थळमध्ये ऐकू येतं, तसंच मुंबईच्या शिकल्यासवरल्या नातेवाइकांकडूनही. तोंडात न भरणारी जखम असते, डॉक्टर म्हणतात छोटासा तुकडा काढून तपासू, आणि घरचे म्हणतात, "नको, हातच लावू नका." मी पडले मराठी माध्यमातली बी.ए., विज्ञानावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय! पण या एका वाक्यापायी माणसं दवाखान्यात उशिरा जातात, म्हणून वाचून जे समजलं ते लिहिते आहे.

शाळेत आपण पेशी म्हणजे भिंतीतली वीट असं शिकलो. मला ती खांदेरी-उंदेरीसमोर नांगरलेल्या होडीसारखी वाटते. नांगराच्या दोराचं एक टोक होडीला बांधलेलं, दुसऱ्या टोकाचा नांगर चिखलात रुतलेला. पेशीच्या आवरणातून असेच आरपार गेलेले प्रथिनांचे रेणू असतात, त्यांना इंटिग्रिन म्हणतात. त्यांचं बाहेरचं टोक भोवतालच्या तंतूंच्या जाळ्याला धरून असतं, आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला. शेजारच्या पेशींशी बांधणाऱ्या गाठी वेगळ्या, त्यांतल्या एका प्रकाराला डेस्मोसोम म्हणतात. दोराच्या ताणावरून तांडेलाला पाण्याची ओढ कळते, तसं या पकडीवरून पेशीला आपण जागेवर आहोत हे कळतं. पकड सुटली तर निरोगी पेशी बहुधा आपणहून मरते. या मरणाला १९९४ साली 'अनॉइकिस' हे नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बेघर होणं!

कॅन्सरची पेशी बेघर होऊनही जगते, खरी गोम इथे आहे. ती शेजाऱ्यांच्या गाठी सैल करते, खालचा पातळ पडदा विरघळवते आणि नांगर उचलत-टाकत पुढे सरकते. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. डेस्मोसोममधलं प्लाकोफिलिन-३ हे एक प्रथिन कमी केलं तरी पेशींची पकड ढिली पडते आणि उंदरांमध्ये कॅन्सर दूरवर पसरतो, असं तिथल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं.

म्हणजे पसरण्याची तयारी पेशीच्या आतच होत असते. कॅन्सर काही सुरीची वाट बघत थांबलेला नसतो. आपण मात्र थांबतो, आणि तेवढा वेळ त्याला मिळतो. तोंडातला तुकडा काढण्यापेक्षा तो न काढण्यातच धोका कितीतरी मोठा.

माझं मत विचाराल तर "तंबाखू खाऊ नका" एवढं फळ्यावर लिहून भागत नाही. आठवी-नववीच्या मुलांना ही नांगराची गोष्ट सांगावी. होड्या बघत वाढलेल्या मुलांना ती लगेच कळेल, आणि मिश्री लावणाऱ्या आजीला ती तिच्याच भाषेत समजावतील. आजी डॉक्टरांचं ऐकणार नाही कदाचित, नातवाचं ऐकेल.

तेव्हा मंडळी, तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि ते वाक्य आपल्या घरात कोणी म्हणत असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.